मूल म्हणजे किती वर्षांचे?

सुट्टीत परगावी जाणाऱ्या कुटुंबाला राहण्यासाठी हॉटेलची खोली ठरवावी लागते. या व्यवहारातील काही शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यांचा अर्थ आपल्या समजुतीपेक्षा वेगळा असतो. असे शब्द कसे वाचावेत आणि पैसे देण्यापूर्वी काय विचारावे, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवाच्या आधारे सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो,

बसस्थानकाबाहेरच्या पाट्या तुम्ही कधी लक्ष देऊन वाचल्या आहेत का? जालना असो, अंबड असो की भोकरदन, एखाद्या पाटीवर 'हॉटेल' असे लिहिलेले असते. आत गेलात तर चहा, भजी, मिसळ मिळते. झोपायला खोली मिळत नाही. दुसऱ्या पाटीवर 'लॉजिंग-बोर्डिंग' असे लिहिलेले असते. लॉजिंग म्हणजे मुक्काम आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. म्हणजे येथे राहण्याची आणि खाण्याची, दोन्ही सोयी आहेत. पण पाटीवर नुसते 'लॉज' असेल, तर जेवण मिळेलच असे नाही. महाबळेश्वरला किंवा मुंबईला गेलात, की 'हॉटेल' या शब्दाचा अर्थ पुन्हा बदलतो. तेथे हॉटेल म्हणजे बहुधा राहण्याची जागा.

पाहा, शब्द एकच, पण गावागणिक अर्थ निराळा!

जुन्या काळी वाटसरू सरायीत उतरत. आपल्या जालना शहरातही काळी मशिदीजवळ अशी सराय होती. सरायीत डोक्यावर छप्पर मिळे, थकलेल्या जनावरांना विसावा मिळे. बहुतेक वाटसरू अंथरूण-पांघरूण आणि शिधा आपल्याबरोबरच आणत. अशा ठिकाणी 'मुलाचे वय किती?' असे विचारण्याचे कारण नसे. आजच्या हॉटेलात मात्र हा प्रश्न हमखास विचारला जातो. या एका प्रश्नाने माझी कशी फजिती झाली, ते ऐका.

महाबळेश्वरची गोष्ट

मे २०२४ मधील गोष्ट आहे. आम्ही चौघे, म्हणजे मी, माझी पत्नी, थोरला मुलगा आणि सात वर्षांची धाकटी मुलगी, महाबळेश्वरला निघालो. मी मोबाइलवर एका हॉटेलची जाहिरात पाहिली होती. तिच्यात मोठ्या अक्षरांत लिहिले होते : 'खोली २,५०० रुपयांपासून. लहान मुले मोफत.' मी मनातल्या मनात हिशोब केला. दोन रात्रींचे ५,००० रुपये. तेवढी रक्कम मी वेगळी काढून ठेवली आणि खोली ठरवून टाकली. मी शिक्षक आहे. वाचलेले आपल्याला समजते, असा माझा समज होता.

रात्रभर प्रवास करून आम्ही सकाळी सात वाजता हॉटेलच्या दारात पोहोचलो. व्यवस्थापक नम्रपणे म्हणाले, ''सर, चेक-इन दुपारी बारा वाजता आहे. खोली अजून रिकामी झालेली नाही.'' मुले पायऱ्यांवर बॅगांना टेकून झोपली. आम्ही दोघे बसून राहिलो.

बारा वाजता नोंदवही पुढे आली. ''मुलांची वये?'' व्यवस्थापकांनी विचारले आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवले. पाच वर्षांखालील एक मूल मोफत. पाच वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारा वर्षांखालील मुलाला वेगळा बिछाना नको असेल तर रोज ३०० रुपये. बारा वर्षे पूर्ण झाली असतील तर ती व्यक्ती प्रौढ. तिच्यासाठी जादा बिछान्याचे रोज ८०० रुपये.

माझ्या मुलाला फेब्रुवारीतच बारा वर्षे पूर्ण झाली होती. मी त्याच्याकडे वाकलो आणि हळूच म्हणालो, ''विचारले तर अकरा सांग.''

तो काही बोलला नाही. खाली फरशीकडे पाहत राहिला. व्यवस्थापकांनी त्यालाच विचारले, ''बेटा, वय किती तुझे?''

''बारा पूर्ण झाली. फेब्रुवारीत,'' तो म्हणाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला हॉटेलचा राग आला नाही. मला माझीच लाज वाटली. वर्गात मी ज्या गोष्टी शिकवतो, त्यांच्या अगदी उलट मी माझ्या मुलाला सांगितले होते. आणि तेही दोन दिवसांच्या एका बिछान्यासाठी!

शेवटी बिल असे झाले : खोलीचे २,५००, मुलाचे ८०० आणि मुलीचे ३००, असे रोजचे ३,६०० रुपये. दोन दिवसांचे ७,२००. त्यावर त्या वेळच्या दराने १२ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ८६४ रुपये. एकूण ८,०६४ रुपये. मी धरलेल्या रकमेपेक्षा ३,०६४ रुपये जास्त. वेण्णा तलावावर नावेतून फिरायचे ठरले होते, ते रद्द करावे लागले. मुलगी काठावर उभी राहून नावा मोजत होती.

रात्री मी ती जाहिरात पुन्हा उघडली. सगळ्या अटी तेथे होत्या. मात्र त्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत होत्या. 'मोफत' हा शब्द मोठा होता आणि त्याची अट लहान होती. लिहिणाऱ्याने अट लपवल्यासारखी लिहिली, हे खरे. पण मी ती शोधली नाही, हेही तितकेच खरे.

त्या रात्री मी वहीत काही शब्द टिपून ठेवले. तेच आज तुम्हांला समजावून सांगतो.

मूल कोणाला म्हणायचे?

घरात आईच्या दृष्टीने तीस वर्षांचा मुलगाही मूलच असतो. व्यवहारात मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी रेघ आखलेली असते. एस.टी. बसमध्ये पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारा वर्षांखालील मुलासाठी वेगळा बर्थ घेतला नाही तर अर्धे भाडे असते. बर्थ घेतला तर पूर्ण भाडे द्यावे लागते; हा नियम २१ एप्रिल २०१६ पासून लागू आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मतदानाचा हक्क मात्र अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो.

हॉटेलांसाठी असा एकच नियम नाही. कोणी पाच वर्षांपर्यंत मोफत ठेवतो, कोणी सहा, तर कोणी आठ. म्हणून 'लहान मुले मोफत' हे वाक्य अपुरे आहे. किती वर्षांची? किती मुले? वेगळ्या बिछान्यासह की बिछान्याशिवाय? नाश्ता धरून की सोडून? ही चार उत्तरे मिळाली, तरच ते वाक्य पूर्ण होते.

येथे मराठी बोलीतील एक गंमतही लक्षात ठेवा. 'मुलाला बारावे लागले' म्हणजे त्याला अकरा वर्षे पूर्ण झाली आणि बारावे वर्ष चालू झाले. 'बारा पूर्ण झाली' म्हणजे तेरावे लागले. 'बारा वर्षांखालील' आणि 'बारा वर्षांपर्यंत' यांतही फरक पडू शकतो. म्हणून फोनवर वय सांगताना जन्मतारीख सांगावी. मुक्कामाच्या दिवशी असलेले वय धरणार का, तेही विचारून घ्यावे.

खोली किती जणांची?

'डबल ऑक्युपन्सी' म्हणजे दोन माणसांसाठी सांगितलेला दर. तिसरे माणूस आले की जादा पैसे. 'प्रति व्यक्ती, ट्विन शेअरिंग' हे शब्द सहलींच्या जाहिरातींत आढळतात. समजा, तेथे ५,००० रुपये लिहिले आहेत. हा पूर्ण खोलीचा दर नव्हे. दोघांनी एक खोली घेतली, तर प्रत्येकी ५,०००, म्हणजे दोघांचे १०,००० रुपये होतात.

'डबल' खोलीत बहुधा एकच रुंद पलंग असतो. 'ट्विन' खोलीत दोन वेगळे पलंग असतात. 'कनेक्टिंग' खोल्या म्हणजे ज्यांच्या मधल्या भिंतीत दार आहे अशा दोन खोल्या. 'अ‍ॅडजॉइनिंग' खोल्या नुसत्या शेजारी-शेजारी असतात. मधून दार असेलच असे नाही. ज्या घरात लहान मुले आहेत, त्यांना हा फरक फार महत्त्वाचा वाटेल. रात्री मूल रडले, तर आईला बाहेरच्या वऱ्हांड्यातून धावावे लागू नये! 'फॅमिली रूम' या शब्दाला मात्र ठरलेले माप नाही. कोठे त्यात तिघे मावतात, तर कोठे पाच जण. म्हणून नावावर जाऊ नका. पलंग किती आणि माणसे किती चालतील, ते विचारा.

'एक्स्ट्रा बेड' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पलंग येतो. अनेक ठिकाणी ती जमिनीवर घातलेली गादी असते. मुलांना गादी चालते. पण बरोबर दादी किंवा नानी असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर 'पलंग की गादी?' हे आधीच विचारलेले बरे.

जेवणाची कोडी

दरपत्रकात कधी कधी नुसती अक्षरे असतात. ती कोड्यासारखी दिसतात, पण सोडवायला सोपी आहेत.

ई.पी. म्हणजे युरोपियन प्लॅन : फक्त खोली, खाणे नाही.
सी.पी. म्हणजे कॉन्टिनेंटल प्लॅन : खोली आणि सकाळचा नाश्ता.
एम.ए.पी. म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन : खोली, नाश्ता आणि एक वेळचे जेवण.
ए.पी. म्हणजे अमेरिकन प्लॅन : खोली, नाश्ता आणि दोन्ही वेळचे जेवण.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील हॉटेले खोलीच्या भाड्यातच जेवण धरत असत. युरोपात खोलीचे पैसे वेगळे आणि जेवणाचे वेगळे, अशी पद्धत होती. त्यावरून ही नावे पडली. आज तुमच्या ताटात वरण-भात असो की बिर्याणी, योजनेचे नाव अमेरिकनच राहते!

येथेही मुलांचा प्रश्न येतोच. खोलीत दोघांचा नाश्ता धरलेला असेल, तर मुलांच्या नाश्त्याचे पैसे वेगळे लागू शकतात. मूल 'मोफत राहते' याचा अर्थ ते 'मोफत खाते' असा होत नाही.

'पासून', कर आणि वेळ

'२,५०० रुपयांपासून' यातील 'पासून' हा शब्द फार लहान आहे, पण त्याचे काम मोठे आहे. सर्वांत लहान खोलीचा, गर्दी नसलेल्या दिवसांतला दर तेवढा आहे, इतकेच तो सांगतो. मे महिन्यात, दिवाळीत किंवा शनिवार-रविवारी तोच दर वाढलेला असू शकतो. म्हणून आपल्या तारखेचा दर विचारावा.

दर सांगताना अनेकदा कर धरलेला नसतो. रोजचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याहून जास्त भाड्यावर १८ टक्के आहे. आमच्या ७,२०० रुपयांवर ५ टक्के दराने ३६० रुपये कर झाला असता. 'करासह की कर वेगळा?' हा प्रश्न विसरू नका.

वेळेच्या दोन पद्धती असतात. पहिली, ठरलेल्या वेळेची : उदाहरणार्थ, दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. दुसरी, चोवीस तासांची : तुम्ही सकाळी सातला आलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत खोली तुमची. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांना दुसरी पद्धत सोयीची पडते. हे मला आधी माहीत असते, तर माझी मुले पायऱ्यांवर झोपली नसती.

शेवटचा शब्द 'नॉन-रिफंडेबल'. याचा अर्थ, बेत रद्द झाला तरी पैसे परत मिळणार नाहीत. असा दर थोडा कमी असतो. पण ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे ऐन वेळी ताप येऊ शकतो, परीक्षेची तारीख बदलू शकते. तेव्हा किती दिवस आधी रद्द केले तर किती पैसे परत मिळतील, ते पाहूनच खोली ठरवावी.

तीन ओळखीचे पाहुणे

तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. त्यामुळे मराठीतील अनेक शब्द तुम्हांला घरचेच वाटतील : हिशोब, रक्कम, खर्च, रद्द, कबूल. पण तीन शब्दांबाबत सावध राहा. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा तेच बोलणे किंवा वादावादी; मराठीत तक्रार म्हणजे आपल्यावर झालेला अन्याय योग्य ठिकाणी सांगणे. उर्दूत 'सहूलत' म्हणजे सोय. मराठीत सवलत म्हणजे बहुधा पैशांतील सूट. म्हणून व्यवस्थापक 'मुलांना सवलत आहे' म्हणाले, तर 'किती रुपयांची?' असे विचारा.

खुलासा मागणे म्हणजे भांडणे नव्हे. तो आपला हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूची किंवा सेवेची किंमत आणि दर्जा जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. आधी कमी किंमत दाखवायची आणि शेवटी एकेक रक्कम वाढवत न्यायची, ही फसवी रीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला मनाई केली. त्याआधी, ४ जुलै २०२२ रोजी, हॉटेलांनी बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये, असेही प्राधिकरणाने सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे म्हणणे उचलून धरले. फसवणूक झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जालन्यात जिल्हा ग्राहक आयोगही आहे. मात्र तेथे जाण्यासाठी हातात पावती हवी. म्हणून फोनवर ठरलेली गोष्ट संदेशाने लिहून घ्यावी आणि जपून ठेवावी.

घरातला वाचणारा

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मराठी किंवा इंग्रजी कागद आला की तो तुमच्याच हातात दिला जातो. ''बघ रे, काय लिहिलंय?'' असे अब्बा किंवा अम्मी विचारतात. तुम्ही वाचता, आणि तुमच्या शब्दावर घरातले पैसे खर्च होतात. ही लहान जबाबदारी नाही. म्हणून मोठी अक्षरे वाचून थांबू नका. बारीक अक्षरेही वाचा. शब्द कळला नाही, तर 'कळला नाही' असे सांगा. अंदाजाने अर्थ लावू नका.

पुढच्या सुट्टीत आम्ही पुन्हा प्रवासाला निघालो. या वेळी हॉटेलला फोन माझ्या मुलाने केला. त्याच्यासमोर वही होती. त्याने एकेक प्रश्न विचारला : दर करासह आहे का? खोलीत किती पलंग आहेत? नाश्ता चौघांचा आहे का? खोली किती वाजता मिळेल? रद्द केले तर काय? शेवटी तो म्हणाला, ''आम्ही चौघे आहोत. आई, वडील, आठ वर्षांची बहीण आणि मी. माझी तेरा वर्षे पूर्ण झाली आहेत.''

त्याने रक्कम वहीत लिहिली आणि खाली रेघ मारली. हॉटेल सोडताना बिल आले. आकडा तोच होता.

शब्दार्थ

वाटसरू – मुसाफिर
शिधा – स्वयंपाकाचे कोरडे सामान
फजिती – फटफजिती, गोंधळामुळे झालेली शोभा
हमखास – खात्रीने, नक्की
अट – शर्त
प्रौढ – वयाने मोठी व्यक्ती
दरपत्रक – दरांची यादी
शुल्क – फी
मनाई – बंदी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'लॉजिंग' आणि 'बोर्डिंग' या शब्दांचे अर्थ काय?
(आ) लेखकाच्या मुलांना पायऱ्यांवर का झोपावे लागले?
(इ) 'मुलाला बारावे लागले' म्हणजे त्याला किती वर्षे पूर्ण झाली?
(ई) राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक कोणता?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'लहान मुले मोफत' हे वाक्य अपुरे का आहे?
(आ) लेखकाला हॉटेलचा राग न येता स्वतःची लाज का वाटली?
(इ) डबल खोली आणि ट्विन खोली यांत काय फरक आहे?

प्र. ३. पुढील शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहून प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
खुलासा, तक्रार, सवलत

प्र. ४. हिशोब करा.
आई, वडील, तेरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा तीन रात्री हॉटेलात राहिले. खोलीचा दर रोज ३,००० रुपये, मुलीच्या जादा बिछान्याचे रोज ७०० रुपये, पाच वर्षांखालील मूल मोफत. कर ५ टक्के. एकूण बिल किती होईल?

प्र. ५. उपक्रम
वर्तमानपत्रातील सहलीची किंवा हॉटेलची एक जाहिरात कापून वहीत चिकटवा. तिच्यातील सर्वांत मोठ्या अक्षरांतील वाक्य आणि सर्वांत बारीक अक्षरांतील वाक्य लिहा. त्या हॉटेलला विचारावेत असे पाच प्रश्न मराठीत तयार करा आणि ते वर्गात वाचून दाखवा.